अकलोलीच्या फाटकापर्यंत

ठाण्याहून निघालो तेव्हा बायको दारात आली नाही. कंपवात सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी मला मोटारसायकल बंद केली होती, आणि मी शेवटची एकदा चालवायची म्हणून निघालो होतो. निवृत्तीनंतर भंगारातून आणून, बोल्ट न् बोल्ट धुऊन ज्या जुन्या गाड्या मी उभ्या केल्या, त्यांतली ही अखेरची. अकलोलीच्या नरेशशेठनी आपल्या रिसॉर्टसाठी ती मागितली, तेव्हा मी एकच अट घातली: दर रविवारी ती चालली पाहिजे. त्यांनी शब्द दिला.

काल्हेरला कंटेनरच्या रांगेत अडकलो. दोन्हीकडे गोदामं, मध्येच चुकून राहिलेलं एखादं भातखाचर. क्लच दाबून दाबून डावा हात बधिर झाला. भिवंडीत खारी-चहासाठी थांबलो, तर रात्रपाळी करून आलेला एक यंत्रमाग कामगार गाडीभोवती फिरत राहिला. "चाचा, एक बार रेस दो ना," म्हणाला. दिली. तो खूश झाला, मला मात्र रडू येतंय की काय असं वाटलं.

वज्रेश्वरीला खालूनच देवीला हात जोडले. अकलोलीत गरम पाण्याच्या कुंडाच्या काठावर डावा हात पाण्यात बुडवून बसलो. तिथेही तो थरथरतच होता.

रिसॉर्टच्या फाटकाशी एका चौथऱ्यावर बैलगाडी होती. व्हार्निश मारलेली, चाकं सिमेंटमध्ये रुतवलेली. पलीकडे तसाच नवा चौथरा, आणि गवंडी माल कालवत होता. मला काय ते कळलं. "दोन्ही बाजूंना सारखं दिसलं पाहिजे ना, काका," नरेशशेठ म्हणाले, अगदी मनापासून.

शेजारी खुर्चीत त्यांचे वडील बसले होते. काल्हेरची शेती गोदामांखाली गेल्यावर ते सांधेदुखीसाठी इथे येऊन राहिलेले.

"माजी गारी हाय ती," ते बैलगाडीकडे बोट दाखवून म्हणाले. "पोरांना बसवून फिरवीन, बोलला व्हता. चाकं शिमिटात गेल्यावर कोन फिरवतं?"

मी गाडी परत न्यायची ठरवलं. किक मारली, इंजिन सुरू झालं. पण डाव्या हाताची बोटं क्लचवर मिटेनात. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. नरेशशेठ दुसरीकडे बघू लागले.

गाडी कायमची उभी करायची तर कार्बोरेटरात पेट्रोल ठेवायचं नसतं, आत चिकटून बसतं. मी पेट्रोलचा कॉक बंद केला. इंजिन उरलंसुरलं जाळत राहिलं, संपता संपता थोडं जोरात धावलं आणि थांबलं. म्हातारबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

एसटीने परतलो, हेल्मेट मांडीवर घेऊन. मी जुन्या गाड्या वाचवतो, असं लोकांना मोठ्या ऐटीत सांगत असे. वाचवल्या कसल्या, थोडे दिवस जास्त चालवल्या एवढंच.

"नीट चालवतील ना?" बायकोने विचारलं. मी हो म्हणालो. तिने माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं, खुंटीकडे पाहिलं, आणि स्टूल आणून ते माळ्यावर ठेवलं.