पोरं शिकायला आलीत

कुणाशी भांडायला निघाल्या की बाई मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "वेळ लागतो गो. उगाच त्याच्याकडे लक्ष जातं."

दिंडोशीतल्या आमच्या कॉलेजच्या मागच्या इमारतीत एक कम्युनिटी कॉलेज आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या पोरांना वर्षभरात एखादं काम शिकवायचं आणि नोकरीला लावायचं, अशी त्यामागची कल्पना. बाई तिथे लॅब असिस्टंटचा कोर्स शिकवायच्या, मी बोलायचं इंग्रजी. दोघीही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये कुणीतरी 'या' म्हणेपर्यंत आम्ही नसल्यासारख्याच. त्यामुळे मी जपून बोलायचे. बाई नाही.

त्यांचे वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. "नवं काम शिकवायचं कुणाच्या मनात नाही आलं. हातात दांडा दिला, बस," असं एकदा डबा खाताना म्हणाल्या आणि लगेच, "तुझी भाजी खारट आहे."

मागच्या इमारतीतल्या मुलांना ग्रंथालयात बसू देत नसत. बाईंनी एका दुपारी अख्खा वर्ग तिथे नेला आणि लघवीची तपासणी खणखणीत आवाजात शिकवली. पदवीची मुलं नाक मुरडत उठून गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या मुलांना गुपचूप वाचत बसायची परवानगी मिळाली.

मग कॉलेजने अंधेरीच्या एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबशी करार केला. सकाळी मुलं तिथे प्रत्यक्ष काम शिकणार, दुपारी वर्गात येणार. गेटवर फ्लेक्स लागला. एका दुपारी सानिका नावाची मुलगी बोटाला रुमाल गुंडाळून वर्गात आली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"सुई लागली, मॅडम. वापरलेली."

"वापरलेल्या सुया तुझ्या हातात कशा?"

"कचरा आम्हीच वेगळा करतो ना. ग्लोव्हज संपलेत म्हणाले."

"आणि मशीनवर कधी बसवतात?"

"मशीन पुसतो आम्ही."

बाईंनी तिला रिक्षात घातलं, मलाही ओढलं. सरकारी रुग्णालयात औषधं सुरू झाली. पुढचे काही महिने रक्त तपासत राहायचं, मगच खात्री, असं डॉक्टर म्हणाले. सानिका एवढंच म्हणाली, "मॅडम, घरी नका ना सांगू. कोर्स बंद करतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माझ्यापाशी बसवून बाईंनी घड्याळ काढलं आणि अंधेरी गाठली. तिथे काय झालं ते मुलांनीच मला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "सगळे असेच शिकतात, मॅडम. सर्टिफिकेट मिळतंय ना?"

"पोरं शिकायला आलीत! तुमचा एक पगार वाचवायला नाही!" बाई आत घुसल्या. "अ‍ॅप्रन काढा रे. चला."

मुलं त्यांच्यामागून बाहेर पडली.

प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. "वाट लावलीत, मॅडम. मागच्या इमारतीतल्या मुलांना घेतंय कोण? जे मिळतंय ते घ्यावं."

हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ज्यांची स्वतःची मुलं कधी तो कचरा उचलणार नाहीत, त्यांनाच ते सुचतं. सानिकाचं बोट कसं आहे, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

प्रत्येक तपासणीला बाई सोबत गेल्या. शेवटचा रिपोर्टही स्वच्छ आला, तेव्हा रुग्णालयाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. मग सानिकावरच ओरडल्या, "बघतेस काय? भूक लागलीय मला."

जूनमध्ये बाईंना कुणी 'या' म्हटलं नाही. त्याच लॅबशी पुन्हा करार झाला, नवा फ्लेक्स लागला. "हल्ली कशी शांतता आहे," असं स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सगळे म्हणतात. मला त्या शांततेची चीड येते. ही शांतता नाही, एका बाईला हाकलून मिळवलेली सोय आहे.

परवा फोन केला. बाई आता मुलुंडच्या एका कॉलेजात शिकवतात.

"आत्ता नको गो," त्या म्हणाल्या, "एका कंपनीत आलेय मुलींना घेऊन."

फोन बंद करायचा राहिला. मी कानाला लावून ऐकत राहिले. पलीकडे कुणीतरी अदबीने चहा विचारत होतं.

"चहा नको," बाईंचा आवाज चढला. "मुलींना कुठल्या कामाला उभं करणार, ते दाखवा आधी."