टौपोच्या डोंगरावर टाकलेलं हरीण

टौपोला जायचा विचार करत असाल तर जरूर जा. तळं सुंदर आहे, रस्ता उत्तम आहे, आणि लागणारी माहिती या पोस्टमध्ये आहेच. फक्त नवऱ्याच्या बो-हंटिंग क्लबबरोबर जाणार असाल, तर भांडायची तयारी ठेवून जा.

माझा नवरा अमेय. पुण्यात असताना या माणसाने झुरळ मारायलाही मला हाक मारलेली आहे. ऑकलंडला आल्यावर ऑफिसातला एक जण त्याला तिरंदाजीच्या रेंजवर घेऊन गेला, आणि बघता बघता आमच्या पापाटोएटोच्या घराच्या गॅरेजमध्ये कंपाउंड बो, बाण आणि झाडपाल्याच्या छापाचे कपडे येऊन पडले. मी शाकाहारी. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही, हे लग्नाआधीच ठरलेलं. इतकी वर्षं त्याचा काही त्रास झाला नाही, कारण साहेबांच्या बाणाला कधी ससाही लागला नव्हता. एप्रिलमध्ये सीझन संपताना क्लबची सगळी मंडळी एका फार्मवर जमतात. "मृणाल, तू हॉट पूलमध्ये बस, मी डोंगरात जातो. दोघंही खूश," असं म्हणून त्याने मला पटवलं.

शुक्रवारी दुपारनंतर निघू नका, शहराबाहेर पडताना बॉम्बे हिल्सपाशी अर्धं ऑकलंड तुमच्या पुढे उभं असतं. आम्ही सकाळीच निघालो. हॅमिल्टनला वळसा घालणारा एक्सप्रेसवे झाल्यापासून रस्ता मस्त झालाय. टिराउला पत्र्याच्या मोठ्या कुत्र्यासमोर फोटो काढायचा असतो, तो काढला. तिथल्या बेकरीत भाजीची पाय, म्हणजे सारण भरलेली पेस्ट्री, मिळते, पण आत चिकन नाही ना हे विचारून घ्या. टौपोत हुका फॉल्स बघायला तिकीट नाही, आणि स्पा पार्कमधला गरम पाण्याचा ओढाही फुकट आहे. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, गाडीत वरच ठेवा, बॅग उपसत बसू नका.

फार्म तळ्याच्या पश्चिमेला. मालक ग्रॅहम, सत्तरीचा, क्लबचा सगळ्यात जुना सभासद. त्याने आम्हाला मजुरांची जुनी केबिन दिली होती. हीटर होता, तरी मी दोन स्वेटर घालून झोपले.

शनिवारी पहाटेच अमेय डोंगरात गेला. मी मेथीचे ठेपले खाऊन ओढ्यावर जाऊन बसले. दुपारी परत येते तर केबिनच्या पायरीवर हरणाचं मुंडकं. मोठी फांद्यांसारखी शिंगं, उघडे डोळे. शेजारी अमेय उभा, दहावीचा निकाल लागल्यासारखा.

"मृणाल, रेड स्टॅग! पहिला!"

 त्याचा चेहरा बघून मी अभिनंदन केलं आणि मुंडक्याला वळसा घालून आत गेले. दाखवू नकोस असं म्हटलं होतं, त्याने दाखवलं, ठीक आहे, पहिलं आहे. इथवर मी माफ केलं होतं, हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी सगळे लोकर कातरायच्या शेडमध्ये जमले. या क्लबची एक पद्धत आहे. ज्याला हरीण मिळालं तो मेंढ्या कातरायच्या फळ्यांवर उभा राहतो, ज्या बाणाने मारलं तो बाण हातात धरतो आणि सगळी हकिगत सांगतो. खोटं सांगितलं तर बाकीचे बूट आपटतात. मला मान्य करायला हवं, माणसं छान सांगत होती. वारा कुठून होता, नर कसा डुरकत होता, बाण लागल्यावर जखमी जनावर पळू नये म्हणून अर्धा तास झाडामागे कसं जागचं न हलता बसावं लागलं. एका बाईने सांगितलं की मांस खाली आणायला तिला दोन फेऱ्या लागल्या आणि गुडघा दुखावला. तिला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

मग अमेय चढला. झकास सांगितलं त्याने. मला चक्क अभिमान वाटायला लागला होता. तेवढ्यात ग्रॅहमने विचारलं, "मीट कुठे टांगलंयस, मेट?"

"वरच आहे," अमेय हसत म्हणाला. "माय वाइफ इज व्हेजिटेरियन. फ्रीजमध्ये ठेवलं तर मलाच घराबाहेर काढेल."

लोक हसले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. एवढं मोठं जनावर याने मारलं, शिंगं काढून घेतली, बाकीचं डोंगरावर टाकलं, आणि ते पाप सरळ माझ्या नावावर! मला एका शब्दाने विचारलं होतं?

मी मराठीतच ओरडले. "माझं नाव घेऊ नकोस! माझ्यामुळे टाकलंस? मी सांगितलं होतं मारून टाकून ये म्हणून?"

"अगं, सगळ्यांसमोर काय... तीन तासांचा चढ आहे. इथे हरणं हीप्स आहेत, ढिगाने, सरकारच त्यांना पेस्ट म्हणतं, उपद्रवी."

"आमच्या घरी न आवडणारं कारलंसुद्धा पानात टाकून उठता यायचं नाही. तू अख्खं हरीण टाकून आलास. उद्या सकाळी जायचं आणि आणायचं. मी येतेय."

भाषा कुणाला कळली नाही, पण मुद्दा कळला असावा. शेडमध्ये एकही बूट वाजला नाही. ग्रॅहम एवढंच म्हणाला, "आतडी काढलीयस ना? रात्री फ्रॉस्ट पडेल, दव गोठेल. टिकेल."

रविवारी ग्रॅहमने चार चाकांच्या क्वाड बाइकवरून पायथ्याशी सोडलं. पुढे पायीच. चांगले बूट हवेत, ओल्या मुळांवरून पाय सटकतात.  अमेय चढभरात दोनदा सॉरी म्हणाला, मी चढत राहिले.

हरीण एका मोठ्या झाडाच्या सावलीत पडलं होतं. मुंडक्याशिवाय. अंगावरच्या केसांवर दव गोठलेलं. मला रडू आलं, आणि रडता रडता आणखी राग आला, कारण इतकं देखणं जनावर होतं ते. अमेयने सुरी काढली. मी पाय धरला, त्याने कापला. मांसाला हात लावायची माझी ती पहिली वेळ. गार, जड आणि ओलं.

दोन मागचे पाय आणि पाठीचं मांस कापडी पिशव्यांत भरलं. मी एक पाय माझ्या सॅकमध्ये घातला.

"तू कशाला उचलतेस? तुला हे चालतं का?"

"नाही चालत. टाकलेलं त्याहून चालत नाही. चल."

उतरताना ते वजन पाठीला असं चिकटून होतं की दर पावलाला मी त्याला नवीन शिवी घालत होते. काही मोठ्याने.

घरी येऊन मी फ्रीजरमधले मटार आणि पराठे एका कप्प्यात कोंबले आणि दुसरा रिकामा करून दिला. कप्पा त्याचा, बार्बेक्यू बाहेर अंगणात, भांडी वेगळी, धुणार तो. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी "शिव शिव" म्हणाली आणि मग त्याला भाजता येतं का म्हणून विचारू लागली. येत नाही. पहिल्या शनिवारी मांसाचा चपलेचा तळवा झाला होता. खाल्ला त्याने, समोर बसून.

माझा राग गेलाय का? नाही. लोक विचारतात, ट्रिप कशी झाली, आणि मी टौपोचं पाणी, हुका फॉल्स वगैरे सांगते. पण डोळ्यांसमोर ते दव येतं, आणि शेडमधलं हसणं ऐकू येतं. अमेय अजून रेंजवर जातो. जाऊ दे. मी त्याला थांबवलेलं नाही.

एवढं मांस एकट्याला संपणार नव्हतं. शिकारीचं मांस इथे विकता येत नाही, देता येतं. म्हणून परवा त्याने एक मोठा तुकडा बांधून शेजारच्या सिओनेकडे नेला. सिओने टोंगा बेटांवरचा, घरात खाणारी सात तोंडं. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते.

"व्हेनिसन! तुम्ही नाही खात?" सिओने खूश होऊन म्हणाला.

"माय वाइफ इज व्हेजिटेरियन," अमेय म्हणाला. माझा हात दोरीवरच थांबला. सिओने हसायला लागला.

अमेय हसला नाही. "नाही, ऐक ना," तो म्हणाला. "मी हे वर टाकून आलो होतो. तिने उचलून आणलं."