उजवीकडचा कोरा रकाना

तुमच्या घरातली बाई तुमच्यासमोर जे बोलते, तेच तिच्या मनात असतं, असं तुम्ही कशावरून म्हणता?

हा प्रश्न माझा नाही, सुमनताईचा. माझी ही मावसबहीण महिन्यापूर्वी फुलचूरच्या भाड्याच्या खोलीत विषमज्वराने गेली. मरणाची खबर देणारं, कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड मला मी पत्रकं छापतो त्या छापखान्यात मिळालं. हाताची शाई त्या कार्डाला लागली... याच शाईने मी तिचं सगळ्यात मोठं नुकसान केलं होतं.

नागपूरला तत्त्वज्ञान शिकून ताई परतली, मुलींच्या शाळेत शिकवू लागली आणि सुट्टीत एका शोधाच्या मागे गावोगाव फिरू लागली. बाईची श्रद्धा तिची स्वतःची किती आणि तिच्या नात्यांची किती? एकच प्रश्न ती दोनदा विचारायची. एकदा अंगणात, सासरा, नवरा, दीर बसलेले असताना. दुसऱ्यांदा रोवणीच्या वेळी बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलात त्याच बाईच्या शेजारी वाकून धानाचं रोप लावता लावता, आसपास पुरुष नसताना. वहीच्या पानावर मधोमध रेघ असे. डावीकडे अंगण, उजवीकडे बांधी. तिचं रोप नेहमी वाकडं लागे. बाया हसत, "ओ मास्तरीणबाई, तुमी पुस्तकच वाचा, धान आमी लावतो!"

कोहमाऱ्याकडच्या एका गावात भागरथाबाई नावाची शेतकरीण होती. अंगणात ती म्हणाली, "बाईनं नांगराले हात लावला तं पानी पडत नाई. देवाचा नेम आहे." बांधीत म्हणाली, "गेल्या साली धनी खाटेवर होता. मीच नांगर धरला. पानी पडलाच ना! पन कोनाले सांगू नका, बाई."

वही वाचून मी पेटलो. "हे छापलंच पाहिजे, ताई! डावीकडचं खोटं, उजवीकडचं खरं!"

"अरे पत्रकवाल्या," ताई म्हणाली, "दोन्ही खरं आहे. अंगणात तिला राहायचं आहे. खरं बोलल्याची शिक्षा जिथे एकटीला भोगावी लागते, तिथल्या गप्प बसण्याला श्रद्धा म्हणायचं की भीती, ते आधी ठरव. आणि छापायचं नाही."

मी ऐकलं नाही. स्वराज्याला दहा वर्षं होऊनही बाईच्या हाताने नांगर बाटतो, या संतापात मी पत्रक काढलं आणि बाजारात वाटलं. नाव गाळलं होतं. नाव गाळलं की माणूस लपतो, असं मला वाटलं. पण त्या गावात त्या साली खाटेवर एकच धनी होता... पुढच्या आषाढात पाऊस लांबला आणि पंचांनी भागरथाबाईला बोलावलं. मास्तरीणबाईनं खोटं लिहून नेलं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. तरी त्या वर्षी रोवणीला तिच्या जोडीला कोणी उभं राहिलं नाही. ती एकटी आपली बांधी लावत होती. ताई शेजारी वाकायला गेली, तर ती बांध ओलांडून पलीकडे गेली. आसपासच्या गावांतही मग कोणी बाई बांधीत ताईशी बोलेना.

मी माफी मागितली. ताई एवढंच म्हणाली, "माझी कायले मागतोस?"

भागरथाबाईकडे मी दोन वर्षं गेलो नाही. सभा होत्या, पत्रकं होती, असं सांगत राहिलो. खरं म्हणजे लाज होती. ताईच्या तेरवीनंतर गेलो. ती अंगणात धान पाखडत होती, दीर खाटेवर बसला होता. माझं चुकलं, म्हणालो. तिने एकदा दिराकडे पाहिलं. "मले काई माईत नाई, बाबू. मी काई बोललीच नवती."

डावीकडचं उत्तर. मला दुसरं मागायचा हक्कही नव्हता.

निघताना सांगितलं, मास्तरीणबाई गेली. सूप थांबलं. दीर तंबाखू मळत होता. ती खाली बघत, अगदी हळू म्हणाली, "तिले रोप लावता कधी आलाच नाई..." आणि पुन्हा पाखडू लागली.

वही आता माझ्याकडे आहे. त्या आषाढानंतरच्या प्रत्येक पानावर डावी बाजू भरलेली, उजवी कोरी. तरी ताईने मधली रेघ शेवटच्या पानापर्यंत ओढली आहे.

वाचकहो, एवढं करा. आपल्या घरातल्या बाईच्या कामाला एकदा हात लावा, आसपास कोणी नसताना तिला विचारा, आणि मधे न बोलता ऐका. ती जे सांगेल ते कोणाला सांगू नका. मला तर मुळीच नका.