जुळलेलं उत्तर

अक्का, मी निघाले त्या सकाळी भडगावच्या स्टँडवर जळगावची बस लागली, तरी आई माझ्याशी बोलत नव्हती. कॉलेजातली हातची नोकरी सोडून पोरगी जर्मनीला चालली, हे तिला पटलं नव्हतं. आबा मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून आले होते. बस हलली तशी आईनं खिडकीतून माझं मनगट पकडलं आणि लगेच सोडलं. तू तिला धरून उभी होतीस.

इथे मी काय करते, ते तू फोनवर कितीदा विचारलंस. दोन सूक्ष्म कण एकमेकांवर आदळले की पुढे काय होतं, याचं गणित साध्या कॉम्प्युटरला लवकरच झेपेनासं होतं. आम्ही ते क्वांटम कॉम्प्युटरवर मांडतो. पण हे यंत्र फार चुकतं. त्याच्या चुका दुरुस्त करून मग उत्तर वाचायचं.

दोन वर्षांनी एका छोट्या गणिताचं माझं उत्तर साध्या कॉम्प्युटरवरून आधीपासून माहीत असलेल्या उत्तराशी हुबेहूब जुळलं. आमच्या गटाच्या प्राध्यापकबाईंनी सगळ्यांना केक खाऊ घातला. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा होता. माझ्या नोकरीची आणि व्हिसाची मुदत त्यावरच वाढणार होती.

शुक्रवारी दुपारी माझ्या लक्षात आलं, की दुरुस्तीचे आकडे मी नकळत त्याच माहीत उत्तराकडे बघून बसवले होते. मग ते जुळणारच. मी आबांना दुकानावर फोन लावला. सगळे वाखाणतायत ते काम चुकलंय, एवढंच सांगितलं. अजून कोणाला माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. कोणालाच नाही, म्हटलं.

आबा म्हणाले, "मंग तूच सांगी दे माय. आजच सांगी दे. आठे घर शे. परत येवाले लाज नको धरू."

भडगावात घर आहे, एवढं ऐकून मी बाईंचं दार ठोठावलं. वही बघताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. निबंध थांबला. मला नोकरीचे फक्त सहा महिने वाढवून मिळाले. त्यात मी उत्तर झाकून ठेवून सगळं पुन्हा केलं. पहिल्या काही पायऱ्या जुळल्या, पुढे सगळं विस्कटलं. कुठवर जुळतं आणि कुठे विस्कटतं, ते आम्ही जसंच्या तसं छापलं, आणि त्यावर मला तीन वर्षांची नेमणूक मिळाली.

आई अजून विचारते, परत कधी येतेस. पूर्वी मी चिडायचे. पण अक्का, त्या शुक्रवारी परत यायची भीती असती, तर मी गप्प बसले असते. परतायला घर होतं, म्हणून मी इथे मान वर करून राहतेय.