उलटी बाही

त्या घरात खरं शिकवणाऱ्या होत्या बाई, पण गल्लीभर ‘मास्तर’ म्हणून मान मिळायचा तो त्यांच्या नवऱ्याला. का, तर तो शिंपी! बाई शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. मास्तर सातवीत शाळा सोडून शिलाई मशीनवर बसले, ते अजून उठले नव्हते.

मास्तरांना एक खोड होती. कुठेही लोंबता धागा दिसला की हात कात्रीकडे गेलाच. पडद्याचा असो, पाहुण्याच्या शर्टाचा असो, त्यांना राहवत नसे. “सुटलेला धागा म्हणजे अर्धवट काम,” असं म्हणायचे.

बाईंचं वेड वेगळं. मागच्या अंगणात बावीस कुंड्या आणि त्यांत मुक्कामाला प्रार्थनाकीटक. शेजारीण त्यांना नाकतोडे म्हणाली की बाई तडकायच्या. “नाकतोडा पानं खातो. हा हात जोडून बसतो आणि पानं खाणाऱ्यांना खातो.” कोणी कात टाकली, कोणी माशी पकडली, सगळं वहीत लिहायच्या. “अहो, या ना, बघा तरी,” अशी हाक रोज जायची आणि “एवढी बाही होऊ दे” हे उत्तरही रोज यायचं. मादी कधीकधी नवऱ्यालाच खाते हे ऐकल्यावर मास्तर म्हणाले होते, “मग मी आतच बरा.”

त्या वर्षी बाईंच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, फार तर दोन महिने. पलंग मागच्या खोलीत खिडकीशी आला. मास्तरांनी ठरवलं, बाईंना बाग नीटनेटकी दिसली पाहिजे. दुपारी बाईंचा डोळा लागल्यावर ते कात्री घेऊन अंगणात गेले. गुलाबाची एक वाळकी फांदी भलतीच बाहेर आली होती. ती त्यांनी कचकन कापून कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, “अहो, गुलाबाच्या वाळक्या फांदीवर अंडी आहेत. तपकिरी, वाळलेल्या फेसासारखा गोळा. तेवढी पिल्लं बघून जाईन म्हणते.”

मास्तरांनी कचऱ्याचा डबा पालथा घालून फांदी शोधली. गोळा शाबूत होता. मग तपकिरी रंगाची तीन रिळं फांदीला लावून बघितली, जुळणारी निवडली आणि काजाच्या टाक्याइतक्या निगुतीने फांदी जागेवर बांधली. बाईंना सांगायची काही छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर मशीनवरून उठले. सकाळ-संध्याकाळ स्टूल टाकून गुलाबापाशी बसायचे. बाई खिडकीतून विचारायच्या, “आली का?” मास्तर मान हलवायचे आणि मनातून चरकायचे. आपल्या कात्रीने पिल्लं आतल्या आत मेली असतील तर? इतक्या वर्षांत तिने मागितलं काय, तर ‘या, बघा’. तेही आपण दिलं नाही, आणि आता हे. वाट बघता बघता मात्र ते इतर कीटकांना ओळखू लागले. कोण मान वळवून आपल्याकडे बघतो, कोण वाऱ्यात डुलतो, ते खिडकीशी येऊन सांगायचे आणि बाई वहीत लिहायच्या.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्या गोळ्यातून काहीतरी लोंबताना दिसलं. बारीक बारीक धागे, आणि प्रत्येकाच्या टोकाला वळवळणारं इवलंसं पिल्लू. मास्तरांचा हात सवयीने खिशातल्या कात्रीकडे गेला आणि तिथेच थांबला. कुंडी उचलून ते धापा टाकत आत आले.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मंद हसून म्हणाल्या, “रंग अगदी जुळवलात हो. पण बाही उलटी लावलीत, मास्तर. ही फांदी डावीकडे वळायची.”

मास्तरांनी कुंडी खाली ठेवली. “कधी कळलं तुला?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही माफी मागून मोकळे झाला असतात आणि पुन्हा मशीनवर बसला असतात.”

मास्तरांना रडू आवरेना. बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

बाई त्यानंतर नऊ दिवस होत्या. वही पुढे मास्तरांनी चालवली. लिहिण्याची सवय नव्हती, म्हणून ते पट्टी घेऊन मापं लिहायचे. पाऊण इंच. सव्वा इंच. एकाने कात टाकली. खाली पाच ओळी कोऱ्या आणि मग शेवटची नोंद आहे: “अडीच इंच. पंख फुटले. अगं, ये ना, बघ तरी.”