परीक्षकाचा खांदा

सुई खांद्यात शिरली आणि मला खोकला आला. एकदाच, कोरडा. मी स्टुलावर बसले होते, माझा विद्यार्थी नरेश माझ्या मागे उभा होता. त्याचा हात जागच्या जागी थांबल्याचं माझ्या पाठीला कळलं.

"मॅडम, लागलं?"

"काढ," मी म्हटलं. "घाई करू नकोस. सरळ बाहेर काढ."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. उल्हासनगरात एका कापडदुकानाच्या माळ्यावर आमचा अ‍ॅक्युपंक्चरचा क्लास चालायचा. मी होमिओपॅथीची डॉक्टर, त्यावर अ‍ॅक्युपंक्चरचा डिप्लोमा केलेला. राहायला अंबरनाथला, शिवमंदिराजवळ. क्लासच्या मालकांना सगळे दादा म्हणत. सिंधी लोक वडीलधाऱ्या माणसाला मानाने दादा म्हणतात, तसे. ते स्वतः कुठल्याशा महिनाभराच्या शिबिरात शिकले होते, पण माणसं जमवण्यात हुशार. परीक्षा शुक्रवारी ठेवायची हीही त्यांचीच युक्ती, कारण अंबरनाथच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी आणि आमचे निम्मे विद्यार्थी कारखान्यातले.

लोक पहिला प्रश्न विचारायचे, "कोर्स झाला की लायसन्स मिळतं ना?" त्या काळी आपल्याकडे या विद्येचं सरकारी लायसन्स नव्हतंच. कोणी दोन वर्षं शरीररचना घोकायचा, कोणी पोस्टाने धडे मागवून दारावर पाटी ठोकायचा. पेशंटच्या दृष्टीने दोघेही डॉक्टरच. सरकार विचारत नाही तर आपण तरी विचारावं, म्हणून मी आमच्यापुरता नियम केला होता. सुई आधी साबणाच्या वडीत टोचायची, मग स्वतःच्या पायात, मग घरच्या माणसांना, आणि शेवटी परीक्षकाच्या खांद्याला. परीक्षक म्हणजे मी. यात धोका होताच. पण जो हात मला माझ्या अंगावर चालत नाही, तो दुसऱ्याच्या अंगावर कसा सोडायचा?

खांदाच का, ते सांगते. मान आणि खांदा यांच्या मधोमध एक पॉइंट आहे. मान आखडली की तिथे सुई लावतात. वरून अगदी साधा दिसतो. पण त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडतं, हवा छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस दबत जातं. म्हणून तिथला स्नायू चिमटीत वर उचलायचा, सुई तिरकी धरायची आणि थोडीच घालायची. चुकलं तर काय होतं, तेही मी प्रत्येक बॅचकडून पाठ करून घ्यायचे. कोरडा खोकला, श्वास घेताना टोचणं, मग धाप.

त्यामुळे मला काय झालंय, हे मला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

तरी मी पाच-दहा मिनिटं स्वतःला फसवलं. पाणी प्यायले. खिडकीशी जाऊन उभी राहिले. मोठा श्वास घेऊन पाहिला, तर उजवीकडे छातीत कोणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. हातापायांना घाम सुटला. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती शाळेतून आल्यावर कुलूप कोण उघडणार, हाच विचार आधी आला.

"नरेश, सुई किती आत गेली?"

तो पंचविशीचा, अंगाने मजबूत, क्लासमधला सगळ्यात मेहनती विद्यार्थी. घरी जीन्स शिवण्याचा कारखाना, पण याला त्यात रस नव्हता. पॉइंट त्याने अचूक शोधला होता. आमच्या विद्येत जागा मोजतात ती पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीने. त्याने माझा अंगठा लावूनच मोजलं होतं.

"पप्पांना लावतो तेवढीच, मॅडम. रोज त्यांच्यावरच प्रॅक्टिस केली."

त्याचे पप्पा मी पाहिले होते. फी भरायला आले की दोन खुर्च्या जोडून द्याव्या लागायच्या. त्यांच्या खांद्यावर चिमटीत पकडायला काही सापडणं शक्य नव्हतं. महिनोन्‌महिने याच्या बोटांना त्या खांद्याची सवय झालेली, आणि मी म्हणजे हँगरला अडकवलेली साडी. जागा त्याने माझ्या मापाने शोधली आणि सुई बापाच्या मापाने घातली.

दादा आतल्या खोलीतून आले.

"क्या हुआ? मॅडम, गॅस असेल. सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही. नरेश, चाय बोल."

"दादा, मला एक्स-रे काढायला हवा. आत्ता."

"हॉस्पिटलात? अहो, ते विचारतील सुई कोणी लावली. स्टुडंटने लावली म्हटलं तर क्लास बंद समजा. थोडं पडून राहा, उतरेल."

"उतरणार नाही. वाढेल."

एवढं बोलताना मला मध्ये दोनदा थांबावं लागलं. ते पाहून दादांचाही चेहरा उतरला. माणूस दुष्ट नव्हता, घाबरट होता. स्वतःच खाली धावत जाऊन त्यांनी रिक्षा आणली. पण रिक्षात बसल्याबसल्या म्हणाले, "जिन्यावरून पडल्या असं सांगू. काय फरक पडतो? इलाज तर तोच करतील."

फरक केवढा पडतो ते मला माहीत होतं. पडले म्हटलं की डॉक्टर बरगड्या चाचपणार, वेदनेचं इंजेक्शन देणार आणि घरी जाऊन झोपा म्हणणार. आणि घरी मी झोपले असते ती कायमची. हे सगळं मला ओरडून सांगायचं होतं, पण तोंडातून निघत होता तो फक्त श्वास, अर्धा अर्धा. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळली की डोळ्यांपुढे काळं येत होतं. आयुष्यात इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. मी नाही म्हणून मान हलवत राहिले. दादांना ती रिक्षाच्या धक्क्यांनी हलतेय असं वाटलं असावं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते, भोवती गर्दी. दादांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. डॉक्टरांनी बरगड्या दाबल्या. "फ्रॅक्चर वाटत नाही. पेनकिलर देतो. एक्स-रेवाला जेवायला गेलाय, आला की बघू." सिस्टर इंजेक्शन भरायला वळली. मी डॉक्टरांची बाही धरायला गेले, पण हात वर उचलेना.

नरेश दाराशी उभा होता. त्याच्याकडे मी नुसती बघत होते. त्याने तोंड उघडलं तर त्याचं करिअर तिथेच संपणार होतं, कदाचित पोलीसही येणार होते. आणि दादा त्याच्या शेजारीच उभे होते.

"डॉक्टरसाब," तो म्हणाला, "मॅडम पडल्या नाहीत. मी सुई लावली. इथे." त्याने स्वतःच्या खांद्यावर जागा दाखवली. मग बोटाचं एक पेर धरून म्हणाला, "इतकी आत गेली. याच्यापेक्षा जास्त असेल, कमी नाही."

डॉक्टरांनी झटकन स्टेथोस्कोप लावला. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, पुन्हा उजवीकडे ऐकलं. मग एक्स-रेवाल्याला जेवणावरून उठवून आणलं. उजवं फुप्फुस निम्म्याच्या वर दबलं होतं. बरगड्यांच्या मधून नळी घालून हवा काढली, तेव्हा पहिला पूर्ण श्वास आला. मी रडले. दुखत होतं म्हणून नव्हे.

नंतर डॉक्टरांनी दादांना विचारलं, "लायसन्स आहे तुमच्याकडे?"

"कोणाकडेच नाही साहेब," दादा म्हणाले. या बाबतीत ते खरं बोलले.

मी घरी आल्यावर नरेश भेटायला आला. बरोबर पप्पा, त्यांच्या हातात फळांची करंडी. नरेशने उभ्याउभ्याच विचारलं.

"मॅडम, मी पास की नापास?"

"नापास," मी म्हटलं. "पुन्हा शिक. मी शिकवते."

त्याने हो म्हणून मान हलवली, पण तो पुन्हा कधीच आला नाही. जीन्सच्या कारखान्यात बसला. कोणाच्या अंगाला सुई लावायला आता मन होत नाही, असं त्याने एकदा बाजारात भेटला तेव्हा सांगितलं. दादांची पाटी मात्र पुढे कितीतरी वर्षं होती तिथेच होती, आणि त्यांच्याकडे गर्दीही होती.

मी अंबरनाथला स्वतःचा क्लास काढला. बारीक, जाड, म्हातारं, सगळ्या प्रकारच्या अंगावर हात बसल्याशिवाय परीक्षा नाही, हा नियम वाढवला. त्याहीआधी प्रत्येकाला एक तोंडी प्रश्न विचारू लागले. सुई चुकली आणि पेशंटला धाप लागली, तर हॉस्पिटलात काय सांगाल?

उत्तर देताना जो विचारात पडतो, त्याला मी खांदा देत नाही.