विस्तवावर धरलेले हात

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला धुळ्याजवळच्या आमच्या मळ्यातली ती भरीत पार्टी आठवते. वडिलांना हृदयाची गोळी चालू होती. तिनं हात गार पडतात, अंगात जीवच राहत नाही, म्हणून त्यांनी कुणालाही न सांगता ती एकदम बंद करून टाकली होती. त्या दुपारी ते लाकडी उखळीत भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या अशा जोरात कुटत होते की आई हरखून बघतच राहिली. मग मुसळी थांबली. भर थंडीत वडील घामानं निथळत होते, बोटं थरथरत होती. माझा हात स्वतःच्या धडधडत्या छातीवर दाबून ते म्हणाले, "देख, आठे आजून कुटाईच राह्यनं." दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर चिडले, "ही गोळी अशी एकदम बंद करतात का? आता कायमची घ्या." वडिलांनी मुकाट्यानं घेतली. पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात ते नुसते विस्तवावर हात धरून बसायचे आणि म्हणायचे, "तापतसच नही." गेल्या वर्षी तीच गोळी मलाही सुरू झाली. परवा मळ्यात वांगी भाजून झाल्यावर मुलानं हौसेनं मुसळी माझ्यापुढे धरली. मी विस्तवावरचे हात काढले नाहीत.